दोन आसनांची गाडी आणि चार शॉकअप

व्यापारी घरात वस्तू घेण्याची आणि विकण्याची एक रीत असते. भाव नंतर, प्रत नंतर, पहिला प्रश्न असतो, "कशासाठी हवे?" पेणच्या बाजारपेठेत आमचे हार्डवेअर आणि रंगांचे दुकान आहे. दोर मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला आमचे बापुजी लगेच दोर दाखवीत नसत. "होडी बांधायची आहे, बैल बांधायचा आहे, की अंगणात कपडे वाळत घालायचे आहेत?" असे विचारीत. होडीचा दोर खाऱ्या पाण्यात टिकला पाहिजे, बैलाच्या दोराने त्याची मान सोलवटता कामा नये आणि कपड्यांच्या दोराचा रंग ओल्या धोतराला लागता कामा नये. गिऱ्हाइकाला महाग दोर दिला म्हणजे चांगला दोर दिला असे होत नाही, हे त्यांनी आम्हा भावांच्या मनावर फार लवकर ठसवले.

या शिकवणीचा कस लागण्याचा प्रसंग घरात एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. निवड करायची होती चार शॉक अ‍ॅब्झॉर्बरची. पुस्तकी मराठीत त्यांना धक्काशोषक म्हणता येईल. आमच्याकडच्या गॅरेजांत सर्रास शॉकअप म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. वस्तू लहान आहे, चाकाआड दडलेली असते, आणि खराब होईपर्यंत तिची आठवण कोणालाही होत नाही. पण त्या चार नळकांड्यांच्या निवडीत आमच्या घरातील बरेच काही अडकून पडले होते.

गाडीचे नाव सॅन स्टॉर्म. आजच्या तरुण वाचकांना हे नाव परिचित असण्याचा संभव कमी. गोव्यातील वेर्णा येथे तयार झालेली, १९९८ साली बाजारात आलेली, दोन माणसांची, कापडी टपाची ही छोटी गाडी. अंग फायबरग्लासचे, इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, ११४९ सीसीचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे. आजच्या हिशेबाने ही शक्ती काहीच नव्हे. पण गाडीचे अंग हलके, बसण्याची जागा जमिनीलगत आणि डोक्यावर आकाश, त्यामुळे साठचा वेगही शंभरासारखा वाटतो. अशा गाड्या फार थोड्या निघाल्या आणि आता तर त्या शोधाव्याच लागतात.

त्यांतील एक गाडी आमच्या थोरल्या भावाने, मोटाभाईंनी, २००१ साली घेतली. घरात हलकल्लोळ झाला. आम्ही घरात गुजराती आणि दुकानात मराठी बोलणारी माणसे; त्या दिवशी दोन्ही भाषांतून टीका झाली. "ज्या घरात देवदर्शनालाही सात माणसे एकत्र निघतात, तिथे दोन माणसांची गाडी?" असे बा म्हणाली. बापुजी काही बोलले नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून पुन्हा लावले, फायबरच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, "गंजणार तरी नाही."

बापुजींना मोटारींचे वेड नव्हते, पण आदर होता. आमच्या घरातील पहिली गाडी जुनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी. तिच्याविषयी बोलताना ते नेहमी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे नाव घेत. १८८२ साली सोलापुरात एका जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थाने जहाजे, विमाने आणि मोटारी अशा तिन्ही उद्योगांत हात घातला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, याचे त्यांना मोठे अप्रूप. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या गाड्या निघू लागल्या आणि त्यांतूनच पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती गाडी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर दिसत होती. पद्मिनीला मागे ट्रकसारखे लोखंडी पाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग. घरातील सात माणसे आणि लग्नाचा आहेर घेऊन ती पेणहून रोह्याला जात असे. अशा गाडीत वाढलेल्या मोटाभाईंनी स्वतःसाठी दोन आसनांची गाडी घेतली, यातली गंमत आम्हाला फार उशिरा उमगली. ते रोह्याचे दुकान सांभाळत. आठवड्यातून दोनदा हिशेबाला पेणला येत. तेवढा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता हाच त्यांचा स्वतःचा वेळ होता. शेजारच्या आसनावर भाभी किंवा वह्यांचे गाठोडे. तिसऱ्या कोणाला जागाच नाही.

२०२२ साली मोटाभाई गेले. गाडी पेणच्या वखारीत, रंगाच्या डब्यांच्या रांगेमागे, ताडपत्रीखाली उभी राहिली. पुतण्याने रोह्याचे दुकान हाती घेतले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याला ती गाडी चालवायची होती. त्याच सुमारास जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांकडून मागणी आली. रक्कम नाकारण्याजोगी नव्हती. धाकट्या भावाचे म्हणणे, गाडी द्यावी, पैसे भाभींच्या नावे ठेवावेत. ते म्हणणे चुकीचे नव्हते. पडून राहिलेला माल हा तोटाच, हे कोणता व्यापारी नाकारील?

निर्णय अर्थातच भाभींचा होता. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "भाई, विकायची घाई नको. पण मुलाच्या हातात किल्ली मी आत्ता देणार नाही. शेवटच्या वर्षी ती गाडी खड्ड्यात गेली की नाचत राहायची, ब्रेक मारला की नाक खाली घालायची. ते बोलत नसत, पण मला कळत होते. ती नीट होऊ दे. मी शेजारी बसून रोह्याहून पेणला येईन. मला भीती वाटली नाही आणि पाठ दुखली नाही, तर किल्ली त्याची. नाहीतर पुण्याला कळवा."

अशी अट कोणत्याही इंजिनियरने घातली नसती, आणि याहून नेमकी अटही कोणी घातली नसती.

भाभींनी सांगितलेली दोन्ही लक्षणे शॉकअप संपल्याची होती. इथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी गाडी असते आणि "गाडी जरा उडते" यापलीकडे कोणी विचार करीत नाही. धक्का झेलण्याचे काम खरे तर स्प्रिंग करते. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग तो जोर परत देते. एवढ्यावरच सोडले तर गाडी पाळण्यासारखी वरखाली होत राहील. शॉकअप त्या झोक्याला आवर घालतो. त्याच्या नळीत तेल असते. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक हलले की तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते. ते सहज जात नाही, आणि त्या अडचणीत धक्क्याचा जोर उष्णतेत रूपांतरित होऊन हवेत निघून जातो. खराब रस्त्यावरून उतरल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो, त्याचे कारण हेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. शॉकअपचा खरा संबंध केवळ आरामाशी नाही, तर चाक जमिनीला टेकून राहण्याशी आहे. शॉकअप संपलेल्या गाडीचे चाक उंचवट्यावरून गेल्यावर क्षणभर रस्ता सोडते. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. थांबायला लागणारे अंतर वाढते, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखे झिजतात आणि पावसाळ्यात गाडी घसरण्याचा धोका वाढतो. हे सारे इतके हळूहळू होते की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. बऱ्याच दिवसांनी शेजारी बसणाऱ्याला जाणवते. म्हणूनच भाभींना ते कळत होते.

आणि रस्ता कोणता? पेणहून वडखळ, वडखळहून नागोठणे, तिथून महामार्ग सोडून भिसे खिंडीतून रोहा. मुंबई-गोवा महामार्गाचे पूर्वीचे १७ क्रमांकाचे रूप आपण पाहिले, आता तो ६६ क्रमांकाचा झाला. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसांनी डांबर, काँक्रीट, खडी, वळणरस्ते आणि खड्डे यांचे सर्व ऋतू अनुभवले आहेत. कुठे काँक्रीटची गुळगुळीत पट्टी, तिच्या शेवटी बोटभर पायरी, पुढे बुजवलेल्या खड्ड्यांची गोधडी आणि गाव आले की गतिरोधक. शर्यतीच्या मैदानासाठी केलेला शॉकअप इथे काय कामाचा?

पुतण्याचे मत मात्र अगदी वेगळे होते. त्याने महिनाभर अभ्यास केला होता. त्याला हवे होते परदेशी, कमीजास्त कडक करता येणारे शॉकअप आणि गाडी दोन इंच खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा. "काका, स्पोर्ट्स कार आहे ती. टेम्पोसारखी चालवायची असेल तर टेम्पोच घेऊ," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. वडिलांची गाडी तिच्या पूर्ण मानाने उभी राहावी, एवढीच त्याची इच्छा होती. त्यामुळे "नको" एवढेच सांगून मला थांबता येईना. बापुजींच्या रीतीने, प्रश्नांनीच पुढे जावे लागले.

आम्ही प्रथम गाडी रोह्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली, आणि तीही चालवत नव्हे, तर टेम्पोवर चढवून. मिस्त्री साठीचे; धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी चारही कोपऱ्यांवर जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येऊन तिथेच स्थिरावते. आमची गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात तीन वेळा हलली. त्यांनी शॉकअपच्या अंगावरून बोट फिरवले. तेल आणि धूळ मिळून काळी पेस्ट झाली होती, म्हणजे ऑइल सील गेले होते. मग टॉर्च लावून, शॉकअप जिथे गाडीला जोडतात त्या जागा एकेक करून त्यांनी तपासल्या. फायबरचे अंग गंजत नाही, बापुजी म्हणाले ते खरे. पण त्याखालचे लोखंड गंजते, आणि पेण-रोह्याच्या खाडीकडून येणारा खारा वारा ताडपत्रीला जुमानत नाही. "आधी या पकडी ठोकून बघू. पकड कच्ची असेल तर सोन्याचा शॉकअप लावून उपयोग नाही," असे मिस्त्री म्हणाले. सुदैवाने गंज वरवरचा निघाला. तो घासून, प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले. तेवढे सामान तरी घरच्या दुकानातले होते.

मग पर्यायांचा विचार सुरू झाला. मूळ बनावटीचे नवे शॉकअप आता मिळत नाहीत. पहिला दरवाजा तिथेच बंद. दुसरा मार्ग जुने शॉकअप उघडून, नवे सील आणि तेल घालून परत बांधण्याचा. खर्च सर्वांत कमी आणि मूळ वस्तू टिकल्याचे समाधान. व्यापारी मन त्याकडे ओढ घेत होते. पण मिस्त्रींनी दांडा कापडाने पुसून माझ्या हातात दिला आणि नखाने चाचपायला सांगितले. चकचकीत लेपाखाली गंजाने सुईच्या टोकाएवढे खळगे पडले होते. असा दांडा नव्या सीलमधून हजार वेळा खालीवर झाला की सील कापले जाते. सहा महिन्यांत पुन्हा गळती. हा पर्याय स्वस्त दिसत होता, पण स्वस्त नव्हता.

तिसरा मार्ग पुतण्याचा, परदेशी शॉकअपचा. त्या कंपन्यांविषयी त्याने सांगितलेली एक हकिकत मला फार आवडली. नेदरलँड्सच्या कोनी या कंपनीची सुरुवात १८५७ साली घोड्यांचे साज करण्यापासून झाली. घोडे गेले, मोटारी आल्या. घराण्याने धंदा बदलला आणि पुढे शर्यतीच्या गाड्यांच्या शॉकअपमध्ये नाव कमावले. काळ ओळखून माल बदलणारी पेढी कोणत्याही देशातली असो, आपल्याला ती आपली वाटते. माल उत्तम, यात शंका नाही. पण आमच्या गाडीच्या मापाचा तयार शॉकअप त्यांच्या यादीत नव्हता. खास करवून घ्यायचा तर जकात आणि वाहतूक धरून खर्च लाखाच्या वर जाणार होता, आणि उद्या एखादे सील गेले तर पुन्हा परदेशाकडे डोळे लावून बसायचे.

याच शोधात पुतण्या मुंबईच्या एका दुकानातून एक नामांकित परदेशी खोका घेऊन आला. "परत करण्याच्या बोलीवर" म्हणून आणला होता, एवढे बरे केले. खोका झकास, किंमत निम्मी. पण खोक्यावरचा क्रमांक आणि नळीवर कोरलेला क्रमांक जुळत नव्हता, आणि दांडा हाताने दाबला तर अर्ध्या वाटेत पोकळ लागून पुढे एकदम अडत होता. तो खोका दुसऱ्या दिवशी परत गेला. गाडीच्या सुरक्षेशी संबंधित वस्तू निम्म्या किमतीत मिळत असेल, तर उरलेली अर्धी किंमत कोण भरणार आहे, हे आधी विचारावे.

चौथा मार्ग उरला तो देशी. गॅब्रिएलसारखी कंपनी १९६१ पासून भारतात शॉकअप करीत आहे; तिचा पहिला कारखाना मुलुंडला होता. आज आपल्या देशात लक्षावधी लहान गाड्या आपल्याच रस्त्यांवर धावतात आणि त्यांचे शॉकअप याच रस्त्यांचा विचार करून बनतात. त्यांपैकी एखाद्या हलक्या गाडीचा शॉकअप आमच्या गाडीला बसेल का? ऐकायला सोपे वाटते, पण नुसता बसला म्हणजे जमला असे नाही. मिस्त्रींनी वहीच्या पानावर रकाने आखले: पूर्ण उघडल्यावर लांबी, पूर्ण मिटल्यावर लांबी, वरची पकड, खालची पकड, बुशाचे भोक, नळीची जाडी. उघडी लांबी कमी पडली तर चाक खाली लटकताच शॉकअप ताणला जाऊन तुटतो. मिटलेली लांबी जास्त झाली तर मोठ्या खड्ड्यात रबरी गुटका टेकण्याआधीच दट्ट्या तळाला आपटतो. या मोजमापांना तडजोड नाही.

मापे जुळणारे दोन पर्याय मिळाले. एक जड गाडीचा, एक हलक्या गाडीचा. पुतण्याचा ओढा अर्थातच पहिल्याकडे. "जास्त वजनासाठी केलेला आहे, म्हणजे जास्त मजबूत, जास्त कडक. स्पोर्ट्स कारला तेच हवे," असे त्याचे म्हणणे.

त्याच्या या म्हणण्याला उत्तर मिळाले ते आमच्या दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून. पेण म्हणजे गणेशमूर्तींचे गाव, हे वाचकांना सांगायला नको. मूर्तिकार आमच्याकडून रंग नेतात. आषाढात पेणच्या आणि हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्तींनी भरलेले टेम्पो मुंबई-पुण्याकडे निघतात. एक वयस्क मूर्तिकार रंग घेत असताना काका-पुतण्यांचा वाद ऐकत होते. ते म्हणाले, "शेठ, आमचा माल सगळा हातापायांचा आणि सोंडेचा. शाडूची मूर्ती मनुष्यापेक्षा नाजूक. आम्ही टेम्पो ठरवताना इंजिन बघत नाही. मोठ्या गाडीत थोडा माल कधी घालत नाही. गाडी रिकामी असली की जास्त उडते. तिचे पाटे दोन टनांसाठी केलेले. त्यांवर दोनशे किलो ठेवले तर ते वाकतच नाहीत, सगळा दणका मूर्तीला. जेवढा माल तेवढी गाडी. मग पेंढा कमी लागतो."

पुतण्या गप्प झाला. आमची गाडी फायबरच्या अंगाची, हलकी. तिच्यावर जड गाडीचा शॉकअप म्हणजे दोन टनांच्या टेम्पोत दोनशे किलोच्या मूर्ती. झडपा इतक्या घट्ट की खड्ड्यावर शॉकअप मिटणारच नाही. चाकाऐवजी सगळी गाडी उचलली जाईल आणि गुळगुळीत रस्त्यावर जी घट्ट पकड वाटते ती वडखळच्या पुढे सुटेल. संपलेल्या शॉकअपने चाक रस्ता सोडते, तसेच अति कडक शॉकअपनेही सोडते. दोन टोके वेगळी, पण परिणाम एकच. वाहनाचा वेग ज्या मजबुतीवर अवलंबून असतो ती कडकपणात नसून योग्य मापात असते.

राहिला गाडी खाली आणण्याचा प्रश्न. तिथे मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही गाडी आधीच जमिनीलगत आहे. आणखी दोन इंच खाली आणली तर काँक्रीटच्या पहिल्याच पायरीला तिचे पोट घासेल. दुसरे, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालते, आणि आपल्या गाडीची नोंदणी एम.एच. ०६ ची, पेणच्याच कार्यालयातली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. मोटाभाईंनी २०१६ आणि २०२१ साली गाडी तपासणीला उभी केली, ती जशी कारखान्यातून आली तशी. पुढच्या वेळी ती तुझ्या नावाने उभी राहायची आहे. झिजलेला भाग बदलणे वेगळे, गाडीचा घाट बदलणे वेगळे.

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग त्याने विचारले, "काका, पप्पांनी कधी बदलायचे म्हटले होते का?" मी म्हटले, "त्यांनी पंचवीस हजार वेळा गिअर बदलला असेल, बाकी काही नाही." तो हसला. हलक्या गाडीचे, देशी बनावटीचे, गॅसभरले चार नवे शॉकअप घ्यायचे ठरले. त्याला रंग निवडायची मुभा होती. त्याने काळाच निवडला.

मागचे डावे एकटेच फार खराब होते, तरी चारही बदलले. एका धुरीवर एक नवा आणि एक जुना शॉकअप ठेवला तर दोन बाजू दोन चालींनी वागतात आणि वळणावर गाडी दगा देते. निदान जोडी तरी बदलावीच. आमच्या गाडीत चारही एकाच वयाचे होते. खालच्या पकडीतील बुशाचे भोक किंचित मोठे होते. धाटावच्या एका लेथवर त्यासाठी पोलादी नळीची बूच करून घेतली. कुठेही वेल्डिंग केले नाही, मूळ पकडीला हात लावला नाही. उद्या कोणाला मूळ शॉकअप मिळालेच तर ते जसेच्या तसे बसतील. रबरी बुश, वरचे रबर आणि गुटके सगळे नवे घातले, कारण रबर वापराने जितके झिजते तितकेच नुसत्या वयानेही झिजते. टायरही बदलले, नक्षी शाबूत होती, पण कडांना चिरा पडल्या होत्या.

बसवताना मिस्त्रींनी एक गोष्ट केली, ती आपल्या मिस्त्रीकडून आवर्जून करून घ्यावी. रबरी बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी उचललेली असताना फक्त हाताने लावले. पूर्ण आवळले ते गाडी खाली घेऊन, तिचे वजन चारही चाकांवर आल्यानंतर. गाडी टांगलेली असताना आवळले तर रबर त्या लटकत्या स्थितीत अडकते. मग जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. "जिथे राहायचे तिथे उभे करून मगच गाठ मारायची," असे ते म्हणाले. लग्नाच्या वयाचा पुतण्या शेजारी उभा होता. मिस्त्रींचा रोख बोल्टकडेच असावा.

भाभींची परीक्षा जुलैमध्ये झाली. मुद्दामच, पावसाळ्यात जो रस्ता पास करतो तो बारा महिने पास. पुतण्या चालवत होता, भाभी शेजारी. मी दुकानाच्या दारात वाट पाहत होतो. तासा-सव्वातासाचा प्रवास त्यांनी दीड तासात केला. गाडीतून उतरल्या त्या बोलतच. नागोठण्याला भाताची लावणी कशी उशिरा चालली आहे, रोह्याच्या दुकानात पत्र्यांचा जुना माल अजून का पडून आहे, कुंडलिकेला पाणी किती चढले आहे, मुलाने उधारीची वही कशी नीट ठेवली आहे. वाटेत मायलेकांचे दुकानावर इतके बोलणे झाले होते, जितके मोटाभाई गेल्यापासून झाले नव्हते. चहा झाला तरी गाडीचे नाव नाही.

शेवटी मीच विचारले, "भाभी, गाडी कशी वाटली?"

त्या क्षणभर थांबल्या, जणू प्रश्न अनपेक्षित होता. "गाडी? हो, गाडी ठीक होती," असे म्हणून त्यांनी कमरेची किल्ली काढून मुलापुढे धरली आणि पुन्हा पत्र्यांच्या भावाकडे वळल्या.

मला वाटते, शॉकअपला याहून मोठे प्रशस्तिपत्र असू शकत नाही. जो भाग आपले काम पुरते करतो त्याची आठवण होत नाही. खड्डे तेवढेच होते, पण मायलेकांच्या बोलण्यात ते आले नाहीत. पुण्याच्या गृहस्थांना मी आभाराचे पत्र पाठवले आणि गाडी घरातच राहणार असल्याचे कळवले. धाकट्या भावानेही मान्य केले. खर्चाची सगळी पावती-पावती त्याच्यासमोर मांडली, तेव्हा परदेशी मार्गाच्या चौथाई रकमेतही काम भागल्याचे पाहून त्याचा हिशेबी जीव शांत झाला.

ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची एखादी जुनी गाडी, मग ती पद्मिनी असो की स्कूटर, ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. तिला चालती करायची असेल तर रंगाआधी शॉकअप, ब्रेक आणि टायर बघा. निवड करताना नावाआधी माप बघा, मापाआधी रस्ता बघा आणि रस्त्याआधी, शेजारी कोण बसणार आहे ते बघा. तरुणांचा हट्ट आणि वडीलधाऱ्यांची भीती ही दोन्ही स्प्रिंगसारखी असतात. दाबली की उसळतात. त्यांना दाबून उपयोग नसतो आणि मोकळे सोडूनही नसतो. घरात कोणीतरी एकाने मध्ये राहून, तो जोर हळूहळू जिरवावा लागतो. तसे करताना थोडे गरम व्हावे लागते, एवढेच.